गोजाबाईंचं कोरं घर

छप्पन साली पिंपरीच्या माळावर कारखान्याची नवी कॉलनी झाली आणि आमच्या शेजारचं घर आबाजींना मिळालं. आबाजी बॉयलरवर कामाला. त्यांची बायको गोजाबाई मावळातल्या कुडाच्या घरातून थेट बटण दाबलं की दिवा लागणाऱ्या घरात आल्या. नळ घरात, फरशी गुळगुळीत, भिंती पांढऱ्याशुभ्र. आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला होता. गोजाबाई मात्र आत पाऊल टाकायला धजेनात.

चावी देताना कॉलनीचे इन्स्पेक्टर यशवंतराव म्हणाले होते, "घर खराब केलंत तर काढून घेऊ." ते सगळ्यांनाच तसं सांगत. आम्ही या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. गोजाबाईंनी ते मनाला लावून घेतलं.

त्यांनी स्वयंपाकघरात शेगडी म्हणून पेटवली नाही. मागच्या कुंपणापाशी तीन विटांची चूल मांडली. भांडी, अंथरुणं सगळं मागच्या पडवीत. खिळा ठोकायचा नाही, म्हणून देवांच्या तसबिरीही ट्रंकेतच.

"अगं, घर राहायला दिलंय का बघायला?" आबाजी वैतागायचे.

"ऱ्हाऊ की. काढून घेतलं तर जायचं कुटं?"

मी समजवायला गेले तर माझ्यावरच डोळे वटारले. खरं सांगते, मला त्यांचा रागच यायचा.

दिवाळीनंतर तपासणी आली. यशवंतराव आमच्या घरावर नजर टाकून पुढे गेले आणि शेजारच्या दारात थबकले. आत काडी नव्हती.

"इथे कोणी राहत नाही," ते म्हणाले. "नोकरी इथे, बिऱ्हाड गावाला. इकडे लोक घरासाठी खोळंबलेत. आठ दिवसांनी येतो. संसार दिसला नाही तर घर दुसऱ्याला."

"न्हाई वो सायेब, आमी हितंच हाय!"

पण मागची पडवी दाखवायची सोय नव्हती. तिथूनच कुंपणापाशची चूल दिसली असती, आणि बाहेर चूल मांडायला बंदी होती.

साहेब गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. "ताई, आता कसं वो करू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. आम्ही दोघींनी सामान आत नेलं, खिळे ठोकले, शेगडी पेटवली. चौथ्या दिवशी भिंत काळवंडली. त्या पदराने पुसायला धावल्या, मी हात धरला. तिथेच बसून त्या घळाघळा रडल्या.

आठव्या दिवशी यशवंतरावांनी काळी भिंत पाहिली, "ठीक" म्हणाले आणि सही केली. गोजाबाई फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेल्या.

"सायेब, भिंत काळी केली म्हनून तर न्हाई ना काढनार?"