रुसलेला जावई आणि मामाची ॲम्बेसिडर

जुनी गाडी दुरुस्त करून फिरायला जायचं स्वप्न ज्यांना पडतं, त्यांनी आधी माझ्याकडे यावं. मी चहा पाजून ते स्वप्न मोडून देईन.

मामानं चुडाव्याच्या गोठ्यात कोंबड्यांच्या हवाली केलेली ॲम्बेसिडर मी परभणीला ओढून आणली. आठ महिने ती उस्तादांच्या गॅरेजात मुक्कामाला होती. दर शनिवारी उस्ताद सांगायचे, "इंजिन लय भारी हाय साहेब. फकत चालू व्हईना." शेवटी झाली एकदाची!

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. मामाच्या लग्नात याच गाडीतून नवरा-नवरी पेडगावहून निघाले, पोखर्णीला नृसिंहाच्या पाया पडून चुडाव्याला गेले. पुढच्या सीटचा मान जावयाचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. मामानं तिथं सरपंचाला बसवलं आणि अण्णांची रवानगी रुखवताच्या टेम्पोत, लाडवांच्या डब्यांशेजारी. झालं! अठ्ठावीस वर्षं अण्णांनी सासुरवाडीची पायरी चढली नाही. आई एकटी जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. राहिली, तर घरात आठवडाभर अबोला. "एकदा तरी यांच्यासंगं माहेरी जायचंय," एवढंच ती म्हणायची.

अण्णांना सांगितलं, पेडगाव-पोखर्णी करून येऊ, पुढची सीट तुमची. कडक इस्त्रीचा सदरा घालून ते सहालाच गाडीत बसून होते. आई मागे, धपाट्यांच्या डब्यासह.

पेडगावला मामीच्या माहेरी चहा झाला. मामीच्या म्हाताऱ्या काकांनी अण्णांना निरखून पाहिलं. "वळखलं की! तुमी ते टेम्पोतले पाव्हणे न्हाई का?" चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाची ही ओळख. अण्णांनी बिस्किट परत बशीत ठेवलं.

पोखर्णीला जाणार असाल तर सकाळीच जा, सुट्टीचा वार टाळा. दर्शन निवांत होतं. आमचं झालं, मग धपाटे-दही खाल्लं आणि परत परभणी गाठून मी गुपचूप पूर्णेच्या, म्हणजे चुडाव्याच्या, रस्त्याला लागलो. नकाशा पाहिलात तर हा मार्ग कुण्या शहाण्यानं आखला नसावा, असं वाटेल. वरातीनं आखला होता, त्यामुळे बरोबरच आहे.

मिरखेल मागे पडल्यावर अण्णांच्या लक्षात आलं. "गाडी थांबव."

"थांबवली तर परत चालू होणार नाही, अण्णा."

हे शंभर टक्के खरं होतं. पोखर्णीलाच ती कशीबशी सुरू झाली होती.

चुडाव्याच्या तोंडाशी गाडीनं स्वतःच मान टाकली. मामाला मी आधीच फोन करून ठेवला होता; तो पाच-सहा जणांना घेऊन धावत आला. "दाजी, उतरा. घर हे काय हितंच हाय."

"मी हितंच बरा हाय."

मामा दाराला धरून उभा राहिला. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा. "चुकलं दाजी. त्यो सरपंच कवा माझ्या कामाला बी आला न्हाई." अण्णा समोरच्या काचेतून गाव पाहत राहिले. मग मामा मागे गेला आणि गाडी ढकलायला लागला.

पाराजवळची माणसंही आली. अख्खी सासुरवाडी ढकलायलीय आणि जावईबापू पुढच्या सीटवरून डावी-उजवीकडे रामराम घालायलेत! अर्ध्या वाटेत त्यांनी डोकं बाहेर काढलं. "जोर लावा की! जेवला न्हाईत का?" मामा धापा टाकत हसला. आई पदर तोंडाशी धरून हसत होती, की रडत होती, मला आरशात नीट दिसलं नाही. मामीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि अण्णा पायरी चढले.

गाडी अर्थातच पुन्हा चालू झाली नाही. संध्याकाळी आम्ही दोघं रेल्वेनं परतलो. आई म्हणाली, "मी राहते चार दिवस." विचारलं नाही, सांगितलं.

घरी आल्यावर काय उरलं म्हणाल, तर माझी धरलेली पाठ आणि अण्णा. आज पाचवा दिवस. रोज सकाळी ते उस्तादांच्या दारात उभे. "चुडाव्याला जाऊन गाडी कवा बघताव? आमच्या हिला आणायचंय." मी म्हटलं, रेल्वे आहे की. तर म्हणाले, "जावयानं रेल्वेनं जायचं?"

काल आईचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उस्तादांना सांग, घाई करू नका."