जागेश्वर सरांचा दुपट्टा

जागेश्वर रामटेके या माणसाला गप्प बसणं कधी जमलंच नाही. त्यात त्याचा दोष कमी अन् भय्याजींचा जास्त. भय्याजी म्हणजे नाटक कंपनीचे मालक. आपल्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, अन् मंडई म्हटली की नाटक आलंच. नट कोणी नागपूरहून येतो, कोणी वडशाहून. बसमधून उतरला की तोंडाला रंग फासतो अन् थेट रंगमंचावर उभा राहतो. तालीम करतो कोण अन् कधी? सगळा खेळ प्रॉम्प्टरच्या जिवावर. तो पडद्याच्या कडेला बसून वाक्य पुढं सरकवत राहतो, नट ते झेलतो अन् लोकांकडे फेकतो.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली जागेश्वर कॉलेजात होता अन् हंगामात भय्याजींकडे प्रॉम्प्टर होता. भय्याजींनी पहिल्याच खेळाला त्याला कान धरून सांगितलं, "नट चुकला तं नटाची चूक. पण नट थांबला ना जागेश्वर, तं ते तुही चूक."

हे वाक्य पोराच्या डोक्यात असं घट्ट बसलं की पुढं तो एम.एस्सी. झाला, लाखांदूर तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागला, केस पांढरे झाले, तरी निघालं नाही. समोरचा माणूस बोलताना जरासा थांबला की जागेश्वर सर त्याचं वाक्य पुरं करून द्यायचे. बँकेत साहेबाचं, एसटीत कंडक्टरचं, दवाखान्यात तर डॉक्टरचंही. स्वतःच्या लग्नात प्रतिज्ञा म्हणताना नवरी कीर्ती श्वास घ्यायला थांबली, तर नवरदेवानं हळूच पुढचं वाक्य दिलं. कीर्तीनं तेव्हा मान वळवून जसं पाहिलं, तसं ती अजूनही आठवड्यातून एकदा पाहते.

आवाज मात्र खास. ओठ हलायचे नाहीत, पण कुजबुज नेमकी ज्याच्या कानात जायची त्याच्याच कानात जायची. निदान सरांचा तसा समज होता.

चार वर्षांची ऑनर्स पदवी निघाली तेव्हा कॉलेजात प्रश्न पडला की हे गळ्यात कोणाच्या बांधायचं. प्राचार्य टेकचंद सरांनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली, अन् त्या शांततेत जागेश्वर सर बोलून गेले. झालं, समन्वयक झाले.

तेव्हापासून विद्यापीठाकडून येणारी एकेक संधी सरांच्या मोबाइलवर पडू लागली. उन्हाळी शाळा, निबंध स्पर्धा, मोठ्या प्रयोगशाळेत राहून काम करायची सोय, बाहेरच्या पंडितांची व्याख्यानं. सर ती सगळी कार्डशिटावर लाल शाईनं उतरवायचे, अन् वर नाटकाच्या जाहिरातीसारखं 'येत आहे! येत आहे!' लिहायचे. फाटकाजवळच्या भिंतीवर कणकेच्या खळीनं चिकटवायचे. खळ घट्ट झाली की बकऱ्या येऊन अर्धी संधी खाऊन जायच्या. उरलेल्या अर्धीकडे पोट्टे पाहायचे, पण अर्ज कोणी करत नव्हतं. ऑनर्सला बसले होते पाच. एकाची पोलीस भरती झाली, दोघी लग्न होऊन गेल्या. उरले अनुप अन् रेणू.

टेकचंद सरांनी एक दिवस बोलावून घेतलं. "जागेश्वर, दोन पोरांसाठी चौथं वर्ष चालवाचं? ते खोली मी जिमले देऊन राहिलो."

"सर, डिसेंबरात भंडाऱ्याले ऑनर्सवाल्यांचा संशोधन मेळावा आहे. निवडलेल्यांले उन्हाळ्यात पुण्याच्या प्रयोगशाळेत..."

"त्यात तुमचं एक तरी पोट्टं निवडून आणा. तं चौथं वर्ष चालू. नाहीतं दोघांले तिसऱ्याचं सर्टिफिकेट द्या अन् मोकळे करा."

अनुपला त्याचं फारसं काही नव्हतं. त्याच्या मामाचं कृषी केंद्र होतं, तिथं खुर्ची तयार होती. प्रश्न रेणूचा होता. नागपूरला खोली करून चौथं वर्ष करायचं, हे तिच्या घरात कोणाच्या डोक्यात शिरणारं नव्हतं. इथं वर्ग बंद झाला की तिचं शिक्षण बंद. अन् ही पोट्टी अशी की गावच्या बोडीत गुडघाभर पाण्यात उभी राहून वर्षभर मासे पाहत होती. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचा लहान तलाव. त्याच्या काठानं बेशरमची झुडपं माजलेली. सगळं गाव म्हणायचं की या बेशरमनं बोडी खाल्ली, मासे मेले. रेणूनं त्याच झुडपांच्या बुडाशी जाळी घालून पाहिलं, तर मरळीची पिल्लं त्यातच लपलेली.

जागेश्वर सरांनी तिचं भाषण लिहून काढलं. शेवट असा होता: 'उठा शेतकरी बंधूंनो! ही निर्लज्ज वनस्पती समूळ उपटून फेका!'

रेणू म्हणाली, "सर, पण पिल्लं तं तिच्यातच सापडली ना. मग तिलेच उपटून फेका कायले म्हणाचं?"

"व्हिलन पायजे व पोरी. व्हिलनबिगर टाळी पडते का?"

"अन् मंग पाठ कवा करू? घरी खळ्यावर धान चुराचं सुरू आहे."

"पाठ कायले करतं? मी आहो ना पडद्याआड."

"तेच तं. तुमी मागून बोलता तं मले वाटते डोक्यात कोणी रेडिओ लावला."

सर हसले. नट सुरुवातीला असंच म्हणतात, हे त्यांना माहीत होतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळची एसटी धरून तिघं निघाले. कारध्याचा पूल आला तसा अनुपनं वैनगंगेत नाणं टाकलं अन् सरांना विचारलं, "सर, पहिलं वाक्य काय होतं?" सरांनी दिलं. भंडाऱ्याचं स्टँड येईपर्यंत त्यानं ते आणखी किती वेळा विचारलं असेल, कंडक्टरचंही पाठ झालं.

सभागृह पाहून जागेश्वर सरांचा जीव हरखला. खरा मखमली पडदा, बाजूला खरी विंग. विंगेत एक मोडकं स्टूलसुद्धा होतं, जसं काही कोणी त्यांच्यासाठीच ठेवलेलं. समोर दोन परीक्षक. एक नागपूरच्या मॅडम, चष्म्याच्या वरून पाहणाऱ्या. दुसरे एक म्हातारे सर, चहावर चहा पिणारे. बाकी जिल्ह्यातले ऑनर्सवाले, त्यांचे मास्तर, अन् समोशाची वाट पाहणारे काही जण.

पहिला नंबर अनुपचा लागला. विषय होता धानावरचे तुडतुडे. माइकसमोर तो असा उभा राहिला जसा तुडतुडा लागलेला धान. सर विंगेतून पुटपुटले, "आदरणीय परीक्षक."

"आदरणीय परीक्षक," अनुप म्हणाला.

"आमच्या तालुक्यात धान हेच जीवन."

"आमच्या तालुक्यात धान हेच जीवन."

गाडी रुळावर आली. सर वाक्य सरकवत होते, अनुप झेलत होता, मागच्या पडद्यावर तुडतुड्यांचे फोटो येत होते. पण पोट्ट्याला जोर चढला. तो वाक्य पुरं व्हायच्या आधीच उचलू लागला. सर घाबरले अन् म्हणाले, "हळू बे, घाई कायले करतं?"

अनुप माइकमध्ये खणखणीत म्हणाला, "हळू बे, घाई कायले करतं?"

नागपूरच्या मॅडम चमकल्या. "मी कुठे घाई करतेय?"

सरांना घाम सुटला. "ते नोको म्हणू!"

"ते नोको म्हणू!" अनुपनं मॅडमकडे बोट करून सांगितलं, कारण भाषणात बोट करायची जागा तिथंच कुठंतरी होती.

"अबे, पाणी पी!"

"अबे, पाणी पी!"

चहावाल्या म्हाताऱ्या सरांनी कप खाली ठेवला अन् खरंच पाणी प्यायले. सभागृह असं हसलं की बाहेरचा समोसेवालाही आत डोकावला. मॅडम उठल्या, विंगेपर्यंत चालत आल्या अन् पडदा बाजूला केला. मोडक्या स्टुलावर जागेश्वर सर, गळ्यात दुपट्टा, मांडीवर भाषण, तोंड अजून उघडंच.

"आपण कोण?"

"प्रॉम्प्टर," सरांच्या तोंडून निघालं. मग सावरून म्हणाले, "म्हणजे, समन्वयक."

"सर, ही परीक्षा आहे. यापुढे पडद्याआडून एक शब्द आला तर तुमच्या कॉलेजचं दुसरं सादरीकरणही बाद. चालेल?"

सर बोलायला निघालेच होते, पण नुसती मान हलवून थांबले.

अनुप खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "सर, मी तं तुमी म्हटलं तेच म्हटलं."

"हाव बाप्पा. सगळंच म्हटलंस."

आता उरली रेणू. चौथं वर्ष, ती खोली, बोडीतले मासे, सगळं तिच्या एकटीवर. सरांनी तिला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, पयलं वाक्य तरी..."

"सर," ती म्हणाली, "तुमी एक काम करा. दुपट्टा तोंडात घाला."

"काय?"

"दुपट्टा. गळ्यातला. तुमच्यानं चूप राहवत नाही, मले माहीत आहे."

विद्यार्थिनीनं मास्तरला असं सांगावं का, हा प्रश्न नंतर कधीतरी सोडवता आला असता. सरांनी दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं अन् स्टुलावर बसले. अनुप शेजारी उभा राहिला. दुपट्ट्याचं दुसरं टोक त्यानं हातात धरलं, बैलाची वेसण धरावी तसं.

रेणूनं सुरुवात केली ती भाषणात नव्हतीच. "आमच्या गावात एक बोडी आहे. तिथं मी वर्षभर उभी होती. लोक म्हणायचे, पोट्टीले काही कामधंदा नाही." खसखस पिकली. सर दुपट्ट्याआडून 'आदरणीय' म्हणत होते, पण बाहेर नुसती 'हुं हुं' अशी वाफ आली. रेणू बोलत गेली. अर्धं पुस्तकी, अर्धं घरचं. जाळी कशी घातली, झुडपात काय सापडलं, झुडपं नव्हती त्या काठाला काय सापडलं नाही. मरळीची आई पिल्लांना घेऊन कशी फिरते ते तिनं हातानं करून दाखवलं.

अन् मधेच ती थांबली.

थांबली ती थांबलीच. विंगेतून सरांना तिची पाठ अन् वेणी दिसत होती, समोरचं काही नाही. भय्याजी जसे काही स्टुलामागं येऊन उभे राहिले: नट थांबला तं ते तुही चूक. पुढचं वाक्य त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. एक शब्द दिला की पोट्टी तरली. एक शब्द दिला की पोट्टी बाद. सर स्टुलावरून अर्धे उठले, डोळे बाहेर आले, दुपट्टा दातात करकरला. अनुपनं वेसण ओढली. सर खाली बसले. स्टुलाचा डुगडुगता पाय तिथंच गेला अन् सर जमिनीवर आले, पण तोंडातून हूं की चूं नाही.

तेवढ्यात रेणूचा आवाज आला. "झालं का सर तुमचं? मंग सांगतो पुढचं."

जमिनीवरून, पडद्याखालच्या फटीतून सरांना दिसलं: समोर चहावाले म्हातारे परीक्षक कानाचा मोबाइल गडबडीनं खिशात घालत होते. "सॉरी, सॉरी. घरून होता. बोल बेटा."

पोट्टी विसरली नव्हती. त्यांचा फोन आटोपायची वाट पाहत होती! जागेश्वर सर जमिनीवर पसरल्या पसरल्या पाहतच राहिले. इतक्या हंगामात त्यांच्या कोणत्याच नटानं लोकांना असं थांबवून धरलं नव्हतं. धरलंही असतं कोणी, पण सरांनी थांबू दिलं असतं तर ना.

शेवटी नागपूरच्या मॅडमनी विचारलं, "मग तुझं म्हणणं काय? ही बेशरम काढून टाकायची की ठेवायची?"

हाच तो क्षण! 'उठा शेतकरी बंधूंनो!' सरांच्या छातीत तुतारी वाजली.

"मले माहीत नाही, मॅडम," रेणू म्हणाली.

सर दुपट्ट्यात कण्हले.

"एकाच बोडीत पाहिलं मी. तिथं पिल्लं झुडपात होती, हे खरं. पण झुडपं जास्त झाली तं पाणी आटते, हेही गाववाले खोटं नाही सांगत. आणखी दोन-तीन बोड्या पाहिल्याशिवाय मी उपटा म्हटलं का ठेवा म्हटलं, तं ते थाप होईन. चौथ्या वर्षी पाहाचं आहे. चौथं वर्ष राहिलं तं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला अन् काहीतरी खरडलं. टाळी पडली, पण व्हिलन मेल्यावर पडते तशी नव्हे. साधीच. म्हातारे सर मात्र फोन खिशात दाबून बराच वेळ वाजवत होते.

निकाल समोसे खाताना लागला. पुण्याला दोघांना पाठवायचं होतं. पहिला साकोलीकडचा एक पोरगा, दुसरी रेणू. अनुपच्या कागदावर मॅडमनी शेरा मारला होता: 'विद्यार्थी अत्यंत आज्ञाधारक.' त्यानं तो मामाला दाखवायला जपून ठेवला.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. दुपट्टा ओला झाला होता म्हणून दांडीला वाळत घातला होता. कारध्याच्या पुलावर रेणू म्हणाली, "सर, उद्या प्राचार्यांले तुमी सांगा. खोली जिमले नोको देजा म्हणा."

"तूच सांग. तुह्या तोंडून शोभते."

"अन् तुमी?"

"मी दाराच्या बाहेर उभा रायतो."

"बाहेर कायले? आत या ना."

सरांनी दांडीवरचा दुपट्टा चाचपून पाहिला. मग म्हणाले, "आत आलो तं बोलून देईन. टेकचंद सर लय थांबत थांबत बोलतात व."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांच्या दाराबाहेर जागेश्वर सर उभे होते. तोंडात धुतलेला दुपट्टा, अन् त्याचं दुसरं टोक अनुपच्या मुठीत. आत रेणू बोलत होती. टेकचंद सर म्हणाले, "म्हणजे आता चौथं वर्ष..." अन् थांबले.

अनुपनं दोन्ही हातांनी ओढून धरलं.

"...चालू ठेवा लागेन," आतून टेकचंद सर आपले आपणच म्हणाले.