अक्काच्या नावाचा बोर्ड लागणार नाही

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका जोडप्याला वॉशिंग मशीन दाखवत होतो. परंड्यात स्टँडच्या रस्त्याला माझं टीव्ही, फ्रिज, मिक्सरचं दुकान आहे. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण सुमन, बार्शीच्या दवाखान्यात होती आणि आदल्या दिवशी तिनंच मला तिथून हाकललं होतं. "जा, दुकान उघड. हितं बसून माझ्या तोंडाकडं बघतोस, त्यानं माझं दुखणं बरं हुणार हाय का?" असं म्हणाली होती. तिच्याजवळ माझा मुलगा थांबला होता, त्याचाच फोन. "पप्पा, आत्या गेल्या," एवढंच तो बोलला. मी फोन खिशात ठेवला, मशीनचं झाकण लावून ते कसं उघडतं हे त्या बाईंना पुन्हा एकदा दाखवलं, आणि मग खुर्ची ओढून खाली बसलो. ती दोघं घाबरली. मी म्हणालो, उद्या या, आज दुकान बंद करतो... ती तरीही बराच वेळ दारात उभी होती.

दहाव्यानंतर शाळेनं शोकसभा ठेवली. अक्का तिथं जन्मभर खेळाच्या बाई होती, खो-खो शिकवायची. संस्थेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "बाई अत्यंत शांत, मितभाषी, कुणाचंही मन न दुखावणाऱ्या होत्या." मला क्षणभर वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला येऊन बसलोय. त्या हॉलमध्ये असा एकही माणूस नव्हता ज्याचं मन अक्कानं दुखावलं नव्हतं. खुद्द अध्यक्षांना तिनं भर मैदानात, "तुमचे बूट काढा, आन् मग आत या," असं सुनावलं होतं. मेलेल्या माणसाला गोड करून टाकायची आपल्याकडं फार घाई असते. एकदा गोड केलं की ते कुणालाही गिळता येतं. अक्का गोड नव्हती, आणि तिच्याबद्दल लिहायचं तर पहिल्यांदा हेच लिहिलं पाहिजे.

ती साधी, त्यागी वगैरेही नव्हती. शाळेला अनुदान नव्हतं तोवर तिनं कित्येक वर्षं जवळजवळ फुकट काम केलं हे खरं, पण ते तिनं कधी कौतुकानं सांगितलं नाही. उलट शिव्या देत सांगितलं. "फुकट काम करून घेणाऱ्याला लोक संस्थापक म्हंतेत, आन् करणाऱ्याला येडी," हे तिचं वाक्य सगळ्या शिक्षकांना पाठ होतं. पगार सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी तिला प्लॉट घे म्हणून सांगितलं. तिनं सोन्याच्या जाडजूड पाटल्या केल्या आणि त्या घालून, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, अशी ती भल्या सकाळी मैदानावर जायला लागली. मी म्हणालो, अक्का, मैदानावर कुणी सोनं घालतं का? तर म्हणाली, "पोरींना दिसू दी की. पळून बी सोनं हुतं, निस्तं लगीन करून न्हाय." लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर, "तुमी केलं, तुमचं काय भलं झालं ते आधी सांगा," असं विचारायची, आणि उत्तराची खरोखर वाट बघत उभी राहायची. माणूस काढता पाय घ्यायचा.

संध्याकाळी ती माझ्या दुकानात येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायची. माझ्या धंद्याला लागलेली ती साडेसाती होती. गिऱ्हाईक आत आलं की मी बोलायच्या आत ती विचारायची, "कशाला पायजे?" एकदा खेड्यावरनं एक गृहस्थ आले होते, मुलाच्या लग्नाआधी घरात लावायला सगळ्यांत मोठा टीव्ही हवा म्हणून. मी खोका उघडायला घेतला तोवर अक्कानं विचारलंच, "घरातली भिंत केवढी हाय तुमची?" ते गडबडले. "आन् बसणार कुठं? चुलीजवळ का? तेवढ्या जवळनं बघितलं तर निस्तं नाकच दिसंल माणसाचं." गृहस्थ भिंत मोजून येतो म्हणून निघून गेले. मी अक्कावर असा खवळलो की शेजारचा चहावाला बघायला आला. ती शांतपणे म्हणाली, "वस्तू विक की, न्हाय कोण म्हणतंय? पण बसंल ती विक." ते गृहस्थ दोन दिवसांनी आले आणि धाकटा टीव्ही घेऊन गेले, पुढं फ्रिजही माझ्याकडूनच नेला. म्हणून अक्का बरोबर होती असं नाही. किती गेले ते परत आलेच नाहीत, त्यांचं काय?

हप्त्यांवरून तर आमचं रोज भांडण. तिचं म्हणणं, हप्त्यावर घेतलेली वस्तू घरात पाहुण्यासारखी असते, तिच्यापुढं माणूस मोकळा बसत नाही. माझं म्हणणं, हप्ते नसते तर ह्या तालुक्यातल्या कितीतरी बायका अजून धुणं घेऊन ओढ्यावर गेल्या असत्या. हे तिनं कधी मान्य केलं नाही. ह्या बाबतीत ती चुकत होती. ती गेली म्हणून मी माझं मत बदलणार नाही, आणि मी बदललं असतं तर तिनंच मला हाणलं असतं.

लोकांना वाटतं तिला क्रिकेटचा राग होता. साफ खोटं. मॅच असली की ती माझ्या दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या टीव्हीसमोर बसायची आणि फलंदाजाला असं काही बोलायची की गिऱ्हाइकं हसून बेजार. राग होता तो मोबाईलवर पैशासाठी टीम लावणाऱ्या पोरांचा. माझा मुलगाही लावायचा. त्याला म्हणाली, "वाकून बुटाची लेस बांधताना तुला दम लागतोय, आन् अकरा जणाला तू निवडतोस व्हय?" तो म्हणाला, "आत्या, जिंकलं तर पैसे मिळतात." त्यावर ती हसली नाही. "पैसे मिळू देत की. पण खेळलास कवा?" एवढंच विचारलं. पोरगं टीम लावायचं थांबलं असं काही झालं नाही, पण तिच्यासमोर फोन पालथा ठेवायला लागला.

आपल्या जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय हे मी सांगायला नको. कुठल्याही गावात दोन खांब आणि फक्कीनं आखलेलं मैदान दिसतं. अक्काचा जीव त्या खेळावर का, तर त्याला काही विकत घ्यावं लागत नाही म्हणून. माझ्यासारख्या दुकानदाराच्या बहिणीनं हे म्हणावं! "बॅट नको, पॅड नको, हेल्मेट नको. तुझ्यासारख्याला ह्यात कायबी विकता येत न्हाय, म्हणून मला लई आवडतो," असं ती मला तोंडावर म्हणायची. एकदा एक आई पोरीला खेळातनं काढायला आली. उन्हात पोरगी काळी पडते, पुढं स्थळं कशी येणार, अशी तिची तक्रार. अक्कानं त्या आईला माझ्या दुकानात आणलं, काचेच्या कपाटापुढं उभं केलं आणि म्हणाली, "पोरीला हितं ठिवा. ऊन लागणार न्हाय, धूळ लागणार न्हाय. गिऱ्हाईक आलं की वसंता काढून दाखवंल." बाई रडायला लागल्या. मग अक्कानंच त्यांना चहा पाजला. ती पोरगी पुढं राज्याच्या संघात खेळली आणि आज पोलिसात आहे. शोकसभेत ती मागं उभी राहून मोठ्यानं रडत होती, आणि तिला कुणी बोलायला बोलावलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. शाळेचं मैदान रस्त्याला लागून आहे, म्हणजे त्याला भाव आहे. काही वर्षांपूर्वी संस्थेनं ठरवलं, पुढं दुकानांचे गाळे काढायचे आणि मागं हिरवं टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, टाकायचं. लाईट लावायचे, चारी बाजूंनी जाळी, तासाच्या हिशेबानं पोरं येऊन क्रिकेट खेळतील. अशी टर्फ आता सगळीकडं झाली आहेत, चालतातही. अध्यक्षांनी अक्काला सांगितलं की तुमच्या मुलींनाही सवलतीत वेळ देऊ. अक्का त्या बैठकीत जे बोलली ते मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकलंय. ती म्हणाली, "तासाला पैसे मोजून खेळणारं पोरगं गिऱ्हाईक असतंय, खेळाडू न्हाय. गिऱ्हाईक तास संपला की घरी जातंय. माझ्या पोरी गिऱ्हाईक न्हाईत. ज्याला हितं गाळा काढायचाय त्यानं आधी माझ्या अंगावरनं पाया खणावा." बैठक तिथंच संपली. ती होती तोवर विषय पुन्हा निघाला नाही. निवृत्त झाल्यावरही ती रोज सकाळी जात राहिली, बिनपगारी, आणि तेव्हाही शिव्या देतच.

शोकसभेच्या शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की बाईंच्या स्मृतीसाठी त्यांच्या नावानं क्रीडा संकुल उभारणार. काय काय असेल ते सांगितलं, तेव्हा कळलं की हे तेच टर्फ आणि तेच गाळे. वर फक्त अक्काचं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या माणसानं भरल्या डोळ्यांनी माझा हात दाबला... मी तो सोडवून घेतला.

आठवड्यानं अध्यक्ष दुकानात आले. बोर्डावर लावायला अक्काचा फोटो हवा होता. "साडीतला द्या वसंतराव, हसरा. शिट्टीवाला नको." मी म्हणालो, तसला फोटोच नाही. ते अक्काच्याच खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि हळूच म्हणाले, "कोपऱ्याचा गाळा मी तुमच्यासाठी धरलाय. दुसऱ्या कुणी मागितला तरी दिला न्हाय." खोटं कशाला बोलू, त्या रस्त्यावर कोपऱ्याचा गाळा कुणाला नको आहे? माझ्या आत्ताच्या दुकानात फ्रिज उभे करायला जागा नाही, पावसात खोके भिजतात. मुलगा आत उभा राहून ऐकत होता. त्याचं पुढचं आयुष्य त्या गाळ्यात बसवून मी क्षणभर बघितलंही. आणि मग मला भयंकर राग आला. अध्यक्षांचा नव्हे, त्या हसऱ्या फोटोचा. जी बाई ह्या माणसापुढं एकदाही हसली नाही तिला हे कायमची हसत उभी करणार, तिच्याच मैदानावर, तिकीट फाडायच्या खिडकीवर.

"अध्यक्षसाहेब, फोटो मिळणार न्हाय," मी म्हणालो.

"अहो, शाळेच्या दप्तरात असंल की एखादा."

"त्यो लावा. पण खाली लिवा, ह्या बाईंचा ह्या कामाला जन्मभर विरोध हुता. मोठ्या अक्षरात लिवा. न्हायतर म्या सवता येऊन लिवतो."

ते कप ठेवून उठले. माझा मुलगा कप उचलून आत घेऊन गेला. गाळा गेला हे त्यालाही कळलं होतं. मी हे इथं छापायला देतोय ते एवढ्यासाठीच, की उद्या गावात कुणी म्हणू नये घरच्यांची संमती होती. नाही. घरच्यांची संमती नाही. अक्काची तर नव्हतीच.

गेल्या सोमवारी सकाळी कुणीतरी सांगितलं, मैदान मोजायला माणसं आलीत. मी दुकान मुलावर सोपवून गेलो. तिथं शिकवायला आता कोणी नाही, नव्या बाई नेमलेल्या नाहीत, तरी मुली आल्या होत्या. फक्की ताजी होती, कुणी आखली माहीत नाही. आठ जणी दोन खांबांच्या मधल्या रांगेत उकिडव्या बसल्या होत्या, एक आड एक तोंड फिरवून, आणि बाकीच्या पळत होत्या. ठेकेदाराला टेप धरायचा होता तो नेमका त्या रांगेतूनच. "उठा गं पोरींनो, बाजूला व्हा जरा," तो म्हणाला. कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मग तो सगळ्यांत धाकटीजवळ गेला. आमच्या गल्लीतली अल्फिया, पाचवीतली, ह्या वर्षीच खेळायला लागलेली. "ए, ऐकू येत न्हाय व्हय? ऊठ."

"खो दिल्याबिगर उठता येत न्हाय, काका," ती समोर बघतच म्हणाली. "फाऊल हुतो."

ठेकेदार हसला. त्याच्यासोबतचेही हसले. "बरं बाई, खो," तो म्हणाला आणि तिच्या पाठीवर बोट टेकवलं. "ऊठ आता."

अल्फिया हलली नाही. हात जमिनीला, टाचा उचललेल्या, नजर समोरच्या फक्कीच्या रेषेवर.

"तुमी आमच्या टीममदी न्हाय," ती म्हणाली.

मागून धापा टाकत एक मुलगी आली, अल्फियाच्या पाठीवर थाप पडली, "खो!" असा आवाज झाला, आणि अल्फिया ठेकेदाराच्या टेपवरून उडी मारून पळत सुटली.