पुजाऱ्याची संपदा आणि ज्ञानबाची मेंढरं

सेनगावच्या देवीची पूजा सूर्यकांतरावांकडे होती. थोरल्या लेकीला त्यांनी डी.एड.ला घातलं, धाकटी संपदाही त्याच वाटेने जाणार असं घरात धरून चाललेलं. पण त्र्याण्णव साली बारावी झाल्यावर तिने परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नाव घातलं. ज्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही, तिथली पोरगी जनावरं चिरायला निघाली. आई वासंतीबाईंनी अन्न सोडलं. सूर्यकांतराव म्हणाले, "तिला झेपेल ते ती करील. तू जेवून घे."

वर्गात मुली अगदी मोजक्या. म्हशीचा गाभ तपासायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "मुलींनी नुसतं बघितलं तरी चालेल." संपदाने बाही वर केली आणि पुढे झाली. पुढच्या शिक्षणाला तिने विकृतिशास्त्र घेतलं. मेलेलं जनावर कापायचं आणि ते कशाने मेलं हे शोधून काढायचं, हेच त्यातलं मुख्य काम. वसमतचं एक स्थळ जमत आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं, "त्याच हातांनी स्वयंपाक करणार का?"

"धुऊन करते," संपदा म्हणाली. स्थळ मोडलं.

दोन हजार एकच्या दिवाळीत ती घरी आली होती. पुसेगावचा ज्ञानबा अंगारा न्यायला देवळात आला. मेंढरांच्या जबड्याखाली सूज येते, चार दिवसांत मेंढरू आडवं होतं, असं तो सूर्यकांतरावांना सांगत होता. संपदाने ऐकलं.

"मेलेलं मेंढरू पुरलं का?"

"न्हाई अजून. काहून?"

"मला बघायचंय."

जीपने दोघं पुसेगावला गेली. संपदाने पिशवीतून सुरी काढली तसा ज्ञानबा आडवा आला. "तुमी पुजाऱ्याची लेक. तुमच्या हातून हे करवून आमी पापाचे धनी व्हावं का?"

त्याची बायको सिंधूबाई फटकन म्हणाली, "इथं कळप मरून राहिला अन् तुमाला पाप सुचून राहिलं! काप वं माय, मी धरते." तिनेच पदर खोचून मेंढीचे पाय धरले.

काळीज, म्हणजे यकृत, टणक झालं होतं. संपदाने ते चिरून दाबलं, तसे आतून चपटे, पिंपळपानासारखे किडे बाहेर आले.

"तळ्याच्या काठाला चरतात ना मेंढरं?" तिने विचारलं. "पाण्यातल्या गोगलगायींमधून हे किडे गवतावर येतात, गवतातून मेंढीच्या पोटात."

"म्हंजे देवीचा कोप न्हाई?" ज्ञानबाने विचारलं.

"न्हाई."

तिने साऱ्या कळपाला औषध पाजलं आणि तळ्याकडची चराई बंद करवली. तरी पुढच्या आठवड्यात आणखी काही मेंढरं गेली. ज्ञानबा तणतणत आला. "औषध दिऊनबी मेलीच की!"

"ज्यांचं काळीज आधीच खाल्लं गेलं होतं, ती वाचणार नव्हती," संपदा म्हणाली. "हे मी तेव्हाच सांगायला पायजे होतं. चुकलं माझं." तो पाठ फिरवून गेला. पण महिन्याभरात मरतूक थांबली.

गोष्ट देवळाच्या पंचांपर्यंत पोचली. ज्या घरात मढी चिरणारी पोरगी राहते, त्या घरचा नैवेद्य देवीला चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सूर्यकांतरावांनी वाद घातला नाही. देवळाची किल्ली पंचांपुढे ठेवली आणि घरी आले.

संपदाला जेवण गेलं नाही. "बाबा, मी काही दिवस इकडं येत नाही," ती म्हणाली.

"काहून? देऊळ गेलं, घर गेलं नाही."

त्यानंतर ते हिंगोलीत लोकांच्या घरी सत्यनारायण, वास्तुशांत करू लागले. संपदाने पीएच.डी.ला तालुक्यातल्या तळ्यांतल्या गोगलगायी घेतल्या. रबरी बूट घालून ती पाण्यात उभी राहायची. धुणं धुणाऱ्या बाया आधी हसल्या, मग त्यांनीच डब्यात गोगलगायी गोळा करून द्यायला सुरुवात केली. कोणत्या तळ्यावर कधी चारायचं नाही आणि औषध कधी पाजायचं, हे तिच्या कामातून ठरलं. दोन हजार सहा साली तिला डॉक्टरेट मिळाली आणि ती जनावरांच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून लागली. लग्न तिने केलं नाही.

देवळाची पूजा सूर्यकांतरावांकडे परत आली नाही. आठवडी बाजारात मेंढरंवाले मात्र त्यांना थांबवून जनावरांचं दुखणं सांगतात. ते नीट ऐकून घेतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि घरी येऊन लेकीला फोन लावतात.