अण्णाची पाठ आणि पायाळू डॉक्टर

माफी आधीच मागतो. आमच्या घरात आजवर कोणी लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे रेशनकार्डात नाव घालण्याचा अर्ज, आणि तोही दोनदा परत आला होता. त्यामुळे मी असं काही लिहावं का, याची मलाच शंका आहे. पण ही फजिती माझी आहे, आणि ती माझ्याइतकी नीट दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

तर, मी पायाळू आहे.

म्हणजे जन्मताना माझं डोकं यायच्या आधी पाय आले. राजापूरच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत हा दोष नाही, पदवी आहे! कोणाच्या कमरेत उसण भरली, की पायाळू माणसाने डाव्या पायाने तीन हलक्या लाथा मारायच्या. उसण जाते. चार वर्षांचा असल्यापासून माझी प्रॅक्टिस चालू आहे. (इतका अनुभव आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनाही नसेल.)

प्रॅक्टिसचा कारभार अण्णाकडे. अण्णा म्हणजे माझा थोरला काका. वडील मुंबईत कारखान्यात, त्यामुळे मला वाढवलं अण्णाने आणि काकीने. कोणी कंबर धरून घरासमोरच्या खळ्यात आलं, की अण्णा ऐटीत सांगायचा, "डॉक्टर शाळंत गेलेत. साडेपाचला या."

साडेपाचला मी दप्तर टाकायचो आणि वाकून उभ्या असलेल्या माणसांना लाथा मारायचो. नाटे बंदरावरून स्कूटरवर मासे आणणारा हसनभाई तर दर महिन्याला यायचा. लाथ खाऊन म्हणायचा, "माशाल्ला! काय पाय हाय पोराचा!" आणि काकीला चार बांगडे जास्त टाकायचा.

पोरगा डॉक्टर होणार, हे अण्णाच्या डोक्यात तेव्हाच बसलं. तेवढे मार्क काही मला पडले नाहीत. नंबर लागला तो फिजिओथेरपीला, घाटावरच्या कॉलेजात. मी अण्णाला फरक समजावून सांगितला. तो म्हणाला, "म्हंजे गोळी न देता बरं करणार? मंग तर मोठा डॉक्टर!"

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात घरी आलो, तेव्हा अण्णाची कंबर धरली होती. मला बघताच तो खांबाला धरून वाकला.

"मार."

"अण्णा, असं नसतं. आधी तपासावं लागतं."

"एवडी वर्सं न तपासताच मारल्यास ना?"

 मी बॅगेतून सांध्यांचे कोन मोजायची प्लॅस्टिकची पट्टी काढली.

"सुतारकाम पण शिकवतात काय रे तिकडं?" काकीने विचारलं.

बातमी फुटली. बघता बघता खळ्यात पंधरा-वीस माणसं जमली. हसनभाईने माशांच्या टोपलीसकट स्कूटर कडेला लावली. तेव्हाच मी अण्णाला आत न्यायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू? मला ती माणसं हवी होती.

अण्णाला चटईवर झोपवला आणि एक पाय सरळ ठेवून वर उचलला. पायाबरोबर लुंगीही वर निघाली! बायका तोंडाला पदर लावून वळल्या.

"डॉक्टर, दुखतीया ती कंबर ना?" हसनभाईने काळजीने विचारलं.

मी घामाघूम झालो. पाय सोडून दिला आणि वहीतले प्रश्न मोठ्याने वाचायला लागलो.

"रात्री दुखून जाग येते?"

अण्णाने एकदा गर्दीकडे पाहिलं. "येते की. बायको घोरते."

सगळं खळं हसलं. मीही हसलो आणि वहीत लिहिलं, 'नाही'.

"वजन कमी झालंय?"

"थांब, काजूच्या काट्यावर बसून येतो."

पुन्हा हशा. काकी म्हणाली, "सदरा बघ किती सैल झालाय त्याचा."

"तूच आपटून आपटून ताणलास," अण्णा म्हणाला.

मी लिहिलं, 'नाही'.

मग निकाल जाहीर केला. घळीने आंबे काढून काढून कमरेचा स्नायू आखडलाय. (घळ म्हणजे लांब बांबूच्या टोकाला बांधलेली आंबे काढायची जाळी. दिवसभर ती वर धरली तर कोणाचीही कंबर जाईल. माझं म्हणणं इतकं पटण्यासारखं होतं, की मलाच माझं कौतुक वाटलं!)

व्यायाम सोपा होता. उताणं पडायचं, गुडघे मोडायचे, कंबर वर उचलायची. तिसऱ्या वेळी अण्णाचा तोल गेला आणि तो कलंडला तो थेट शेजारी कोकमासाठी वाळत घातलेल्या रातांब्याच्या सालांवर. पाठ लालभडक! घागर घेऊन येणारी शेजारीण किंचाळली, "रगात! पोरानं अण्णाला फोडलान!" घागर पडली. हसनभाई अण्णाला उचलायला धावला, तेवढ्यात मांजराने टोपलीतली सुरमई पळवली. हसनभाई मांजरामागे, काकी सालांपाशी, आणि अण्णा तसाच पडून हसतोय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ते पाणी हसण्याचंच होतं, असं मी धरून चाललो.

कॉलेजला परतल्यावर दर रविवारी फोन करायचो. "अण्णा, पाठ?"

"एकदम झकास! तुजा व्यायाम करतो ना."

मागून काकी काहीतरी बोलायची आणि फोन बंद व्हायचा. मी म्हणायचो, रेंज गेली.

ऑगस्टमध्ये वर्गात प्रत्येकाने एक केस सांगायची होती. मी अण्णाची सांगितली. घोरण्यापाशी अख्खा वर्ग हसला. आमच्या मॅडम हसल्या नाहीत.

"मग जाग येत होती, की नव्हती?"

"मॅडम, ते गमतीने म्हणाले."

"म्हणजे तुला उत्तर मिळालंच नाही. पडून राहिल्यावरही दुखणं थांबत नसेल, माणूस वाळत असेल, तर ते दुखणं स्नायूचं नसू शकतं. कुठला व्यायाम द्यायचा, हे नंतर. हे दुखणं आपलं आहे की पुढे पाठवायचं, हे आधी ठरवायचं असतं." मग त्या म्हणाल्या, "आणि असले प्रश्न वीस माणसांत विचारतात का रे?"

मी बाहेर येऊन फोन लावला. अण्णाला नाही, काकीला.

"काकी, खरं सांग."

 ती म्हणाली, "मे म्हयन्यापासनं आडवा होऊन झोपला न्हाय तो. भिंतीला टेकून बसतो. तुला सांगू नको बोल्ला. पोराचं शिक्षण खोटं ठरंल, बोल्ला."

रत्नागिरीला नेऊन तपासण्या केल्या. गाठ मणक्यात होती आणि तिचं मूळ फुप्फुसात होतं. डॉक्टर मला म्हणाले, तीन महिने आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. तो 'फार' मी अजून मोजतोय. पट्टीने मोजता येत नाही.

गणपतीला घरी गेलो. आरती चालू होती आणि अण्णा आतल्या खोलीत उशीला टेकून बसला होता. पाठीची हाडं सदऱ्यावरून मोजता आली असती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "अण्णा, किती दुखतं?"

"लय," तो म्हणाला. पहिल्यांदाच. मग हळूच पाठ माझ्याकडे वळवली. "आता तरी मार."

मी डावा पाय तीनदा नुसता टेकवला.

"लागली?"

"लागली," अण्णा म्हणाला. "बरं वाटलं बघ."

डिसेंबरात माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. रुग्णाला आधी काय काय विचारायचं, ते सगळं मी बिनचूक सांगितलं. परीक्षकांनी "शाब्बास" म्हटलं. बाहेर येऊन फोन चालू केला, तर हसनभाईचे सात मिस्ड कॉल. मी परत लावला.

"डॉक्टर," तो म्हणाला,  "अण्णा सकाळीच गेला. तुजी परीक्षा होईतो इस्पितळात असल्याचं सांगू नका, बोल्ला होता." मग म्हणाला, "काल बाजूच्या खाटंवरच्या माणसाला सांगत होता, माज्या पुतण्यानं लाथ मारायला नाय म्हटलान ना, तवाच त्यानं दुखणं वळखलान. लय हुशार हाय."

लहानपणापासून मी न तपासता शेकडो पाठींना लाथा मारल्या, एकीचंही काही बिघडलं नाही. तपासली ती एकच.