चौथी बाटली

हाशिमभाई फणसोपकर कोणालाही आवडत नसत. हे आधीच सांगतो. मलाही ते आवडत नसत. तरी त्यांच्यावर माझा जीव होता.

१९६४ साली ते मुंबईहून बोटीनं बहरीनला आले. आधी सित्राच्या धक्क्यावर जहाजांचे दोर ओढले. मग तेलाच्या टाक्यांवर गेजर झाले. गेजर म्हणजे टाकीतलं तेल मोजणारा माणूस. जिना चढून टाकीच्या माथ्यावर जायचं, तिथलं झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली पोलादी पट्टी आत सोडायची. वजन तळाला टेकलं की वर ओढायची आणि ओली रेघ कुठवर आली ते वाचायचं. असं तीनदा. पंधरा वर्षांत त्यांच्या आकड्यावर एकाही कप्तानानं हरकत घेतली नव्हती. हे ते स्वतःच सांगत, आणि ऐकणाऱ्यानं मान हलवली नाही तर पुन्हा सांगत.

झाकणाखाली गॅस असतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. वास आला की तोंड फिरवायचं, वारा पाठीशी घ्यायचा, गॅस उडून जाईपर्यंत थांबायचं. नाही थांबला तर माणूस तिथंच आडवा होतो. म्हणून जुने गेजर झाकण बोटभर उचलून आधी हुंगत.

हाशिमभाई स्वतः हुंगत नसत. बरोबरच्या माणसाला पुढे करत.

"बोल. कसला वास?"

त्यानं काहीही सांगितलं तरी शिवी ठरलेली. बरोबर सांगितलं तर "उशीर लावलास, गाढवा." चूक सांगितलं तर आईबापांचा उद्धार. त्यांच्या हाताखाली शिकलेले बहरीनी, कोकणी, मलबारी, सगळे त्यांच्यावर खार खाऊन असत. अहमद सर्वांत जास्त. अहमद सित्राचाच. चार वर्षं त्यानं हा प्रश्न ऐकला होता. कंपनी सरकारच्या हातात आली तसा अहमद फोरमन झाला. पहिल्याच दिवशी तो मला बसमध्ये म्हणाला, "तुम्हारे बुड्ढे को बोलो, अब सवाल मैं पूछेगा."

मी ताहिर. हाशिमभाईंच्याच गावचा, रत्नागिरीजवळचा. मराठी साहित्य घेऊन बीए झालो आणि दोन वर्षं घरी बसलो. हाशिमभाईंनी व्हिसा काढून मला आणलं, कंपनीच्या दवाखान्यात क्लार्क म्हणून चिकटवलं. मनामा शहरातल्या त्यांच्या खोलीत मी राहत होतो. ते मला नावानं हाक मारत नसत. "ए बीए" म्हणत.

१९८१ च्या जूनमधला शुक्रवार. नमाजहून मी जरा मागून परतलो. जिन्यातच गॅसचा वास आला. दार ढकललं तर खोली गॅसनं भरलेली. शेगडीची कळ अर्धी उघडी. आणि तिच्यासमोर हाशिमभाई उकिडवे बसलेले, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

मी झडप घातली. काडेपेटी कोपऱ्यात गेली. किटली उलटली.

"वेडा झालास काय?"

"गॅस! भाई, गॅस!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे. मी कळ बंद केली, खिडकी उघडली. मला लोकांकडून ऐकलेली एकेक टाकी आठवत होती. प्रत्येक टाकीवर पुढे केलेला एकेक माणूस. ते परीक्षा घेत नव्हते. खरंच विचारत होते.

"कधीपासून?"

"चार वर्षं. पाच असतील. रजेवर गेलो होतो. घरात सुकट भाजत होते नि मला पत्ताच नाय." त्यांनी किटली सरळ केली. "कोणाला बोललास तर तुझी जीभ उपटीन."

"अहमदला कळलं तर?"

"कळलं तर अनफिट. व्हिसा कॅन्सल. खलास. मी गावात काय करू रे, बीए? तिथं टाक्या हायत?"

मी कोणाला सांगितलं नाही. टाकीवर दोघांची शिफ्ट होती. बरोबर माणूस असायचा. चालून जाईल, असं मी स्वतःला सांगितलं.

जुलैत दोन फर्मानं निघाली. एक, पहिल्या ऑगस्टपासून टाकीवर एकच गेजर जाईल. दुसरं, त्याआधी सगळ्या गेजरांच्या नाकाची तपासणी होईल. चार बाटल्या, लेबलाशिवाय. रॉकेल, लवंगेचं तेल, साधं पाणी आणि सडक्या अंड्यांच्या वासाचं पाणी. बाटल्या भरून ट्रेमध्ये ओळीनं लावायचं काम माझं.

त्या संध्याकाळी हाशिमभाईंनी स्वतः चहा केला. शेगडी पेटवण्याआधी विचारलं, "बोल. कसला वास?" मी "काही नाही" म्हटल्यावरच काडी ओढली. कप माझ्यापुढे ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"ओळ सांग."

"भाई, पहिल्या तारखेपासून तुम्ही एकटे वर जाणार."

"ओळ सांग."

"ऑगस्टात वारा नसतो. झाकण उघडलंत आणि..."

"तुला आणला कोणी इथं? तुझी ती बीएची डिग्री तुझ्या आईनं लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली होती. कोणी आणला?"

"तुम्ही."

"मग?"

मी नाही म्हणू शकलो असतो. ते ओरडले असते, कपडे रस्त्यावर फेकले असते. मला त्यांच्या तोंडाची भीती वाटली. एवढंच कारण. ते मी आज मोठं करून सांगणार नाही.

"एक रॉकेल," मी म्हणालो. "दोन लवंग. तीन साधं पाणी. चार सडकी अंडी."

त्यांनी बोटांवर चारदा म्हटलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली.

सकाळी मी दवाखान्यात लवकर गेलो. तिसरी बाटली उचलून चौथीच्या जागी ठेवली. चौथी तिसरीच्या. उत्तरांच्या कार्डावर नवी ओळ लिहिली.

नर्स अ‍ॅग्नेस तपासणी घेत होती. वसईची. अहमद फोरमन म्हणून दाराशी उभा. हाशिमभाई दाढी करून आले होते. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी अहमदकडे बघून मिशी चाचपली.

"घाबरू नका हां, काका," अ‍ॅग्नेस म्हणाली. "इंजेक्शन नाय देणार."

"तू घाबर. माझं नाक कंपनीपेक्षा जुनं हाय."

पहिली बाटली. "रॉकेल." दुसरी. "लवंग. माझी बायको आमटीत याहून जास्त घालते." अ‍ॅग्नेस हसली.

तिसरीचं बूच निघालं तसा तिनं रुमाल नाकाला लावला. दाराशी अहमद एक पाऊल मागे सरला. हाशिमभाईंनी बाटली नाकाशी धरली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग दुसरा.

"साधं पाणी," ते म्हणाले. "विहिरीचं असावं."

अ‍ॅग्नेसचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी कार्डाकडे.

"काका, ही एकदा परत घ्या ना."

"परत कशाला? पाणी म्हणजे पाणी. चौथी आण."

चौथीत नळाचं पाणी होतं. ते नाकाजवळ नेताच त्यांनी तोंड वाकडं केलं, मान झटक्यात फिरवली, हातानं हवा हाकलली. "छी छी! सडकी अंडी! असलं काय ठेवता दवाखान्यात?"

अहमद हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं खाली बघितलं आणि बाहेर गेला.

हाशिमभाईंचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी अ‍ॅग्नेसचा रुमाल बघितला. मग मला. मी त्या नजरेला आजवर शब्द शोधतोय, सापडला नाही.

कागद आठवड्याभरात झाले. अनफिट, व्हिसा रद्द, विमानाचं तिकीट. त्या आठ दिवसांत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. शिवीही नाही. शेजारचा विठ्ठल त्यांना बाहेर चहा पाजून आणत होता. आमची शेगडी पेटली नाही.

शेवटच्या सकाळी ट्रंक दाराशी होती. टॅक्सीला अवकाश होता. मी म्हणालो, "भाई, तुम्ही मेला असता."

"मेलो असतो," ते म्हणाले. "नाय सांगत म्हणाला असतास, तर दोन शिव्या दिल्या असत्या. तू मला त्या अहमदच्या समोर माकड केलंस."

मग ते उठले. किटलीत पाणी घातलं, शेगडीवर ठेवली. काडी काडेपेटीला टेकवली आणि थांबले. सवयीनंच विचारलं असावं.

"बोल. कसला वास?"

मी खोल श्वास घेतला. खोलीत सामानाचा, दाढीच्या साबणाचा वास होता. गॅस नव्हता.

"काही नाही, भाई. खरंच."

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. काडी तशीच टेकलेली. मग त्यांनी ती काळजीपूर्वक पेटीत परत घातली, पेटी कट्ट्यावर ठेवली, ट्रंक उचलली आणि चहा न घेता खाली उतरले.