अर्ध्या तासाचं भांडण

तक्रार करायची असली की जोगदंड सर आधी टोपी घालत. एरवी भर उन्हात उघड्या डोक्यानं फिरणारा हा माणूस त्या दिवशी खुंटीवरची टोपी काढायचा, झटकून डोक्यावर ठेवायचा आणि खोलीच्या मधोमध उभा राहायचा. मी त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलेली असायचे. "बाई, लिवा," म्हणाले की मी त्यांचं बोलणं इंग्रजीत उतरवायला लागायचे. पहिल्यांदा मी म्हटलं, "सर, बसून सांगा की." तर म्हणाले, "बसून केली ती कुरकुर. तक्रार उभ्यानं करायची असती."

तलवाड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले तेव्हा मी त्यांच्या शेजारची खोली घेतली होती. सर आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेले. घरात ते आणि शांताकाकू. पुढच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. छपरावरच्या छत्रीची वायर थेट त्या कॉम्प्युटरच्या पोटात गेलेली. त्यात एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं, देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. त्यावर सिनेमे, गाणी, फोटो सगळं दिसायचं. टीव्हीही दिसायचा आणि वेळ लावून दिली की कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड व्हायचा. सर त्याला नुसतं 'मशीन' म्हणत.

हे मशीन सरांनी स्वतःच्या करमणुकीसाठी केलेलं नव्हतं. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला जातात, ती चैत्रात परत येतात. ट्रकमध्ये बसायच्या आधी बायका सरांच्या दारात यायच्या. कुणाला कुठली मालिका हवी ते सर वहीत लिहून घ्यायचे. मोबाइल आता सगळ्यांकडे आहेत, पण दिवसभर कोयता चालवून उसाच्या गाड्या भरणाऱ्या बाईच्या अंगात कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, आल्यावर मालिका बघायचं त्राण राहत नाही. चैत्रात मात्र दुपारभर सरांची खोली भरलेली असायची. एकेका बैठकीत पाच-पाच भाग व्हायचे आणि खलनायिकेला शिव्या घालायला कुणी कंजुषी करत नसे.

सरांचा एक नियम होता. रेकॉर्ड केलेलं काहीही, ज्यांच्यासाठी केलं त्यांनी बघायच्या आधी उघडायचं नाही. शांताकाकूंनाही नाही. मशीन रेकॉर्ड करत असलं की टीव्ही बंद. काकू तीच मालिका बघायला माझ्या खोलीत यायच्या आणि जाताना म्हणायच्या, "आमच्या घरात येवढा मोठा टीव्ही, आन् मी लोकाच्या दारात." सरांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, "निवद दाखवायच्या आधी कुनी चाखतं का?"

सॉफ्टवेअरवर मात्र त्यांचा राग होता. दर वर्षी नवी आवृत्ती यायची. सिनेमांची चित्रं अजून देखणी व्हायची, रंग बदलायचे, अक्षरं बदलायची. टीव्हीचा भाग होता तिथेच. वाहिन्यांची यादी आपोआप उलटीपालटी व्हायची, एक वाहिनी लावली की दुसरी लागायची. सर म्हणायचे, "पाहुन्याच्या खोलीला रंग देऊ राह्यलेत, आन् सैपाकघर गळतंय ते कुनाला दिसना." अशा वेळी टोपी निघायची. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवर मी तक्रार लिहायचे, महिना महिना उत्तर यायचं नाही.

त्या वर्षी आमच्या शाळेतली कोमल टीव्हीवर येणार होती. शाळकरी मुलांच्या लोकगीतांचा एक कार्यक्रम होता, त्यात आठवीतल्या ह्या मुलीला एकटीला गायला मिळालं होतं. आई चंद्रकला आणि बाप टोळीबरोबर कर्नाटकात, मुलगी आजीजवळ. चंद्रकलानं फोनवर सरांना एवढंच सांगितलं, "सर, बाकीचं ऱ्हाऊ द्या. मालिका नगं मला. माझ्या पोरीचं तेवढं धरून ठिवा." सर म्हणाले, "धरलं म्हन."

त्याच आठवड्यात नवी आवृत्ती आली. ह्या वेळी यादीत चक्क टीव्हीच्या सुधारणा होत्या. किती वर्षं वाट पाहिलेली. सरांनी तिथल्या तिथं ती घातली. चित्र लागतंय का बघितलं, लागलं. कार्यक्रम साडेसहाचा, अर्ध्या तासाचा. वेळ लावली, शेवटी पाच मिनिटं जास्तीची ठेवली. मी मुख्याध्यापकांच्या घरी बसून कोमलचं गाणं थेट बघितलं. तिथं मोबाइल काढून ते टिपायला कितीसा वेळ लागला असता? पण गावभर सरांनी सांगून ठेवलेलं होतं, "मशीन घेतंय, तुमी निवांत बघा." आम्ही निवांत बघितलं. सरांनी दुसऱ्या दिवशी फाइल आहे का, तिचं नाव बरोबर आहे का एवढं तपासलं आणि मिटवून ठेवलं. नैवेद्य होता ना तो.

चैत्रात चंद्रकला आली ती अंगावरची धूळ झटकून थेट सरांकडे. सोबत आठ-दहा बायका, कोमल, तिची आजी. सरांनी फाइल लावली आणि पडद्यावर एक बाई वांग्याचे काप तळायला लागली.

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. सरांनी पुढे ढकललं. काप तळून झाले, कोशिंबीर झाली. सरांचा चेहरा उतरत गेला. अगदी शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा कार्यक्रमाचं नाव आलं. निवेदिकेनं गावाचं नाव घेतलं, कोमल पुढे आली, माईक खाली-वर केला, आईच्या सवयीनं पदर नसलेल्या खांद्यावरून हात फिरवला, तोंड उघडलं. आणि फाइल संपली.

ते गाणं थेट चालू असताना माझा मोबाइल पर्समध्येच होता. चंद्रकला म्हणाली, "परत लावा." तीच पाच मिनिटं तिनं चार वेळा बघितली. मग सरांकडे वळून म्हणाली, "जाऊ द्या सर. तोंड तर उघडलं न्हवं पोरीनं. फुडचं मला पाठ हाय. म्याच शिकवलंय."

सर म्हणाले, "तुला पाठ हाय गं. पन म्या धरलं म्हनलं व्हतं."

वाहिनीला पत्र गेलं, फोन गेले. कुणी दाद दिली नाही. कोमलला अंगणात उभं करून परत गायला लावू, असं मी सुचवलं तर सर म्हणाले, "चूक झाकायला लेकरू उभं करायचं न्हाई." आठवडाभर ते वही घेऊन बसले. नव्या आवृत्तीनंतरची प्रत्येक फाइल तपासली. प्रत्येक कार्यक्रम बरोब्बर अर्धा तास आधी सुरू झालेला. आपलं घड्याळ जगाच्या मूळ घड्याळापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. नव्या आवृत्तीत कुणीतरी सगळ्या देशांचा फरक पूर्ण तासांत धरला होता, आणि आपले साडेपाच त्यानं सहा केले होते. पडद्यावर वेळ साडेसहाच दिसायची, आतून मशीन सहालाच उठायचं.

टोपी निघाली. ह्या वेळी उत्तर आलं. एकानं लिहिलं, वेळ अर्धा तास पुढची लावा, काम होईल. दुसऱ्यानं लिहिलं, टीव्हीचा भाग सांभाळायला सध्या कुणीच नाही, आणि तसाही आता टीव्ही बघतं कोण? मी हे वाचून दाखवलं. सर अजून उभेच होते.

"लिवा. बघतं कोन इचारतोस, बे? चंद्रकला बघती. तिच्यासंगट धा जनी बघत्यात. तुला दिसत न्हाईत म्हून आमी न्हाईच का? हे फुकट हाय, तुमी राबता, तुमचे उपकार हायत. पन अर्धा तास आमचा हाय. त्यो आमी देनार न्हाई."

मी 'बे'च्या जागी 'मित्रा' लिहिलं. सरांना इंग्रजी जेमतेम येत होतं, पण तेवढं त्यांनी पकडलं. "फ्रेंड कावून? म्या फ्रेंड म्हनलो का?" मी तो शब्द काढला.

एकदा मीही कंटाळले. म्हटलं, "सर, अर्धा तास पुढची वेळ लावून काम भागतंय ना आता? कशाला डोकं फोडून घेता?" तर म्हणाले, "भागतंय म्हून गप बसलं की त्येंला वाटतंय बरोबरच हाय. आपन लई वर्षं भागवून घेतलं, बाई." मला राग आला, कारण ते खरं होतं. माझ्या शाळेची गळकी खोलीही मी तशीच भागवून घेत होते. दुसऱ्याच दिवशी मी अर्ज लिहिला, आणि तो उभ्यानं लिहिला.

काठमांडूच्या एका माणसानं खाली लिहिलं की त्याचे कार्यक्रम पाव तासानं चुकतात. सरांना कोण आनंद. "ह्यो आपला पावना. त्येच्यावर तर अजून अन्याव हाय." मग दर आठवड्याला दोन तक्रारी जाऊ लागल्या, एक आमची आणि एक पाव तासाची. पावसाळा संपता संपता नवी आवृत्ती आली. तिच्या लांबलचक यादीत तळाशी एक ओळ होती: अर्ध्या आणि पाव तासाच्या घड्याळांची चूक दुरुस्त केली. मी ती तीनदा वाचून दाखवली. सरांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

दिवाळीनंतर बायका गेल्या. सरांनी सगळ्यांच्या वेळा लावल्या, आता खऱ्या वेळा. पौषात एका सकाळी दात घासताना छातीत कळ आली आणि बीडला न्यायची गाडी येईपर्यंत सर गेले. बातमी फोनवरून उसाच्या फडात पोचली. चंद्रकला माझ्याशी बोलली ती रडत नव्हती, नुसती "असं कसं, असं कसं" म्हणत होती.

चैत्रात त्या बायका आल्या. मशीनकडे कुणाचं लक्ष असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्याचा छोटा दिवा चालू होता. काकू म्हणाल्या, "मला त्यातलं काय बी कळत न्हाई. निस्तं इन्व्हर्टरच्या बॅटरीत पानी घालीत गेले. हे म्हनायचे, लाइट गेली तरी मशीन झोपलं न्हाई पायजे." यादीत सगळे भाग होते, एकामागोमाग एक.

चंद्रकलानं विचारलं, "काकू, तुमी बघितलं का?"

"म्या कशी बघू? तुमी कुठं आलतात?"

मी पहिला भाग लावला. मालिकेचं गाणं पहिल्या ओळीपासून सुरू झालं. चंद्रकलानं खुंटीवरच्या टोपीकडे बघितलं आणि म्हणाली, "टायमावर हायत सर."